मधुमेहाच्या रुग्णाला लैंगिक अडचणीबद्दल डॉक्टरांनी स्वतःहून विचारावं का?

हो, स्वतःहूनच विचारा. वाट बघत बसलात तर रुग्ण "अशक्तपणा वाटतो, ताकदीचं काहीतरी द्या" एवढंच सांगून निघून जातो. मी ओपीडीत साखरेचा रिपोर्ट बघता बघताच विचारते, "शुगर असली की बऱ्याच पुरुषांना संबंधाच्या वेळी ताठरता कमी पडते. तुम्हाला तसं काही जाणवतं का?" 'बऱ्याच' म्हटलं की संकोच कमी होतो. मधुमेहात नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही खराब होतात, आणि ही तक्रार हृदयविकाराची आगाऊ खूणही असू शकते, म्हणून टाळू नका. (हृदयविकारात छातीत दुखण्यावरची सॉर्बिट्रेट गोळी चालू असेल तर ताठरतेसाठीचं सिल्डेनाफिल हे औषध अजिबात नको, रक्तदाब धोकादायक उतरतो.) मात्र मुलगा-सून सोबत असताना हा प्रश्न काढू नका, आधी त्यांना बाहेर थांबायला सांगा.