केप मेची हवेली आणि वीस टक्क्यांचा भरवसा

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो, वयं ५२ आणि ५०. इथल्याच केप मे या समुद्रकाठच्या गावातली जुनी व्हिक्टोरियन हवेली १२ लाख डॉलरला मिळते आहे. त्यात जमिनीचे ५ लाख. दुरुस्तीला ४ लाख घालून सहा खोल्यांचं इन (छोटं हॉटेल) काढायचं, वरच्या मजल्यावर आम्ही राहायचं. दुरुस्तीचे २० टक्के ऐतिहासिक इमारतींसाठीच्या टॅक्स क्रेडिटने (भरायच्या करातून थेट वजावट) परत मिळतील, म्हणून ४०१(के) या निवृत्तीच्या खात्यातून ३ लाख काढावेत का?

उत्तर: नको. तुमचा सगळा हिशोब त्या ८० हजारांवर उभा आहे आणि ते तुम्हाला मिळणार नाहीत.

फेडरल क्रेडिटची एक अट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. २४ महिन्यांत (टप्प्याटप्प्याच्या कामाला ६० महिन्यांत) केलेला खर्च इमारतीच्या हिशोबी किमतीपेक्षा जास्त हवा. जमीन वगळली तर तुमची इमारत ७ लाखांची, खर्च ४ लाखांचा. म्हणजे क्रेडिट शून्य. ते मिळावं म्हणून आणखी ३ लाख ओतणं मी तुम्हाला कधीच सुचवणार नाही. अट पुरी झाली तरी पैसे पाच वर्षांत विभागून मिळतात, तुमच्या राहत्या मजल्याचा खर्च धरत नाहीत आणि कामाला नॅशनल पार्क सर्व्हिस या फेडरल खात्याची मान्यता लागते. पाच वर्षांच्या आत विकलंत, तर क्रेडिट पूर्ण किंवा अंशतः परत करावं लागतं.

४०१(के)ला तर हातच लावू नका. या वयात ३ लाख काढलेत तर ३० हजार दंडात जातील, वर इन्कम टॅक्स.

खोल्या पाचच ठेवा. मालक तिथेच राहत असेल आणि भाड्याच्या खोल्या पाचपर्यंत असतील, तर एडीए हा अपंगांच्या सोयीसुविधांचा फेडरल कायदा लागू होत नाही. सहावी खोली काढली की तो लागू होतो.

हवेलीचा मोह मला समजतो. १८७८ च्या आगीनंतर पुन्हा उभं राहिलेलं ते गाव आहे, तिथले व्हरांडे पाहून कुणाचाही पाय अडेल. पण गाव उन्हाळ्यावर चालतं आणि कर्जाचा हप्ता बाराही महिने येतो. जानेवारीतल्या एखाद्या बुधवारी तिथे मुक्काम करा, आसपासच्या किती इनमध्ये दिवे लागलेत ते मोजा आणि मग वर्षाचं उत्पन्न मांडा.

तुम्ही पाठवलेल्या माळ्याच्या फोटोत तुळईवर पांढऱ्या चिनी मातीच्या गुंड्या दिसतात, त्यांवरून काळी तार गेली आहे. ही जुनी वायरिंग चालू असेल तर अनेक विमा कंपन्या पॉलिसी देत नाहीत, आणि विम्याशिवाय बँक कर्ज देत नाही. ऑफर देण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग बदलण्याचा लेखी खर्च घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा. मालक तयार नसेल, तर सौदा सोडून द्या.