सासऱ्यांची कमाई व्याजाची असेल तर?

प्रश्न: सलाम आपा. मला एक रिश्ता आलाय, मुलगा नमाजी आहे, नोकरी करतो, बोलायलाही नीट वाटला. पण त्याचे वडील व्याजाने पैसे देतात, घरही त्यातूनच बांधलंय असं सगळे म्हणतात. अम्मी म्हणते मुलगा बघ, बापाशी काय करायचंय, आणि अब्बू म्हणतात त्या घरचं पाणीसुद्धा माझ्या घशाखाली उतरणार नाही. असा निकाह जायज होतो का?

उत्तर: वालेकुम सलाम. निकाह जायज आहे, हे आधीच सांगून टाकते म्हणजे जिवाला घोर नको. निकाहाला ईजाब-कबूल (म्हणजे प्रस्ताव आणि होकार), गवाह, मेहर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम), तुझ्या बाजूने वली, म्हणजे अब्बूंसारखा पालक, हे सगळं लागतं, सासऱ्यांच्या कमाईचा हिशोब त्यात कुठेच नाही. आणि सूरह अनआमच्या 164 व्या आयतीत साफ आहे की कुणी दुसऱ्याचं ओझं उचलणार नाही, म्हणजे बापाचा गुनाह मुलाच्या नावावर चढत नाही.

पण अब्बूही उगाच बोलत नाहीत बरं का. सूरह बकरामध्ये व्याज न सोडणाऱ्यांना अल्लाह आणि रसूलकडून थेट जंगचा इशारा आहे, इतकी कडक भाषा कुरआनात फार थोड्या गुनाहांना आहे.

आपण काय करतो, सगळा हराम पैसा एकाच पोत्यात भरतो. चोरीचा किंवा कुणाचा लुबाडलेला माल असेल तर तो मूळ मालकाचाच राहतो, माहीत असताना आपणही वापरायचा नाही. व्याजाच्या कमाईचं बऱ्याच उलेमांच्या, म्हणजे धर्माच्या जाणकारांच्या मते वेगळं आहे, तिचा गुनाह कमावणाऱ्यावर. रसूलचे साथी अब्दुल्लाह बिन मसऊद रजि. यांना एकाने विचारलं होतं की शेजारी व्याज खातो आणि मला जेवायला बोलावतो, जाऊ का, तर त्यांचं म्हणणं असं की जेवण तुझं आणि गुनाह त्याचा. खुद्द रसूलुल्लाह सल्ल. यांनी मदीन्यात एका यहुद्याकडे चिलखत गहाण ठेवून 30 साअ (धान्य मोजायचं जुनं माप) जव घेतले होते, आणि यहुदी व्याज घेतात हे तर कुरआननेच सांगितलंय. हलाल-हराम मिसळलेलं असेल तर हनफी पंथाचे उलेमा जास्त हिस्सा कशाचा ते बघतात, काहीजण याहून सख्त आहेत, म्हणून तुमच्या मसलकच्या, म्हणजे पंथाच्या मुफ्तींनाही एकदा विचारा.

आणि ते "सगळे म्हणतात" मला जरा खटकलंच. सूरह हुजुरातमध्ये गुमानापासून, म्हणजे नुसत्या संशयापासून लांब राहायला सांगितलंय, तेव्हा व्याज खरंच घेतात का ते अब्बूंनी भरवशाच्या माणसाकडून काढून घ्यावं.

माझं विचारशील तर मी बापापेक्षा मुलाला जास्त खोदून बघेन. बायकोचा नफका, म्हणजे खाण्यापिण्या-राहण्याचा खर्च, नवऱ्यावर असतो, सासऱ्यावर नाही, मग घर त्याच्या पगारावर चालणार की वडिलांच्या पैशावर? तो म्हणाला की त्यात काय एवढं, आजकाल सगळेच घेतात, तर उद्या वडिलांच्या जागी तोच बसलेला दिसेल, आणि मग नमाजी आहे एवढ्यावर मी तरी हो म्हणणार नाही. पण वडिलांना समजावून थकलोय, मी त्या पैशाला हात लावत नाही असं म्हणाला आणि वागणंही तसंच असेल तर असा मुलगा बापापायी सोडू नकोस. राहायचं वेगळं की त्याच घरात, हे निकाहाआधी बोलून घ्या, नंतर ते सुनेच्या तोंडून भांडणासारखंच ऐकू येतं. आणि मेहर त्याच्या स्वतःच्या कमाईतून येणार ना, तेही त्याच बैठकीत विचार, लाजू नकोस, मेहर तुझा हक आहे.