बंपर फेकण्याआधी लोहचुंबक लावून पाहा

प्रश्न : काका, माझ्या वडिलांनी घेतलेली १९६९ ची फियाट डिलाइट आमच्याकडे आहे. जुलै २०२१ च्या पुरात ती सीटपर्यंत पाण्यात होती. इंजिनाचं काम तेव्हाच करून घेतलं, त्यामुळे गाडी चालते. पण अंगावर अवकळा आली आहे. बंपरचा क्रोम पापुद्र्यासारखा सुटतोय, दारांच्या हँडलवर बारीक फोड आलेत, स्टेअरिंगच्या हस्तिदंती चाकाला चार ठिकाणी तडे गेलेत. गॅरेजवाले म्हणतात, ‘ताई, ह्यात आता जीव नाही. सगळं डुप्लिकेट आणू, नवं लावू.’ स्टेअरिंगवर उजव्या बाजूला बाबांच्या अंगठ्याने झिजलेली एक जागा आहे. ती जाईल म्हणून मन तयार होत नाही. काय करू?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, गॅरेजवाल्यांना आधी थांबवा आणि काढलेला एकही भाग भंगारात जाऊ देऊ नका. तुमची गाडी कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात तयार झालेली आहे. तिच्या बंपरचा पत्रा हातात धरला की जाडी कळते. आज डुप्लिकेट म्हणून मिळतो तो बराच पातळ असतो, वाकही नीट बसत नाही, मग भोकं मोठी करून ठोकून बसवतात. गंजलेला अस्सल बंपर दुरुस्त होतो. बसत नसलेला नवा बंपर कायम खटकत राहतो.

पहिलं काम लोहचुंबकाचं. शाळेतल्या प्रयोगाचा साधा चुंबकही चालेल. प्रत्येक चकचकीत भागाला लावून बघा. चिकटला तर आत लोखंडाचा पत्रा आहे. चिकटला नाही आणि भाग हाताला जड लागला, तर ते बहुधा जस्ताचं ओतीव काम. चिकटला नाही आणि हलका लागला, तर ॲल्युमिनियम. तिन्हींचं औषध वेगळं असतं, आणि जुन्या गाड्यांचे भाग सगळ्यात जास्त वाया जातात ते इथेच, कारण सगळं एका पिशवीत घालून क्रोमवाल्याच्या दुकानात ठेवून येतात. माझ्या हातून असं एकदा झालं आहे. एका गिऱ्हाइकाची दोन हँडलं मी बंपरबरोबरच एका प्लेटिंगवाल्याकडे दिली. त्याने ती लोखंडाच्या भागांसोबत आम्लाच्या टाकीत सोडली. बाहेर काढली तेव्हा चाळणी झाली होती. तशीच दुसरी जोडी मिळवायला मला दोन वर्षं लागली. तेव्हापासून भाग देताना प्रत्येकाला तार बांधून त्यावर ‘लोखंड’ किंवा ‘जस्त’ अशी चिठ्ठी लावतो, आणि देण्याआधी फोटो काढतो.

आता बंपर. पाणी लावलेल्या ॲल्युमिनियमच्या फॉइलचा, पोळ्या गुंडाळतो त्याच फॉइलचा, बोळा करून एक कोपरा हलक्या हाताने घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते, त्यामुळे चरे पडत नाहीत आणि वरवरचा गंज निघून जातो. कोपरा स्वच्छ होऊन चमकला, तर सगळा बंपर असाच घासा, पुसून कोरडा करा, वर मेण लावा आणि तिथेच थांबा. पापुद्रा नखाने उचलला जात असेल, तर मात्र प्लेटिंग पुन्हा करावं लागेल. लोकांना वाटतं, गंजापासून क्रोम वाचवतो. प्रत्यक्षात वरचा क्रोम एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, तो फक्त निळसर झळाळी देतो आणि चरे अडवतो. खरं राखण करतं ते खालचं निकेल, आणि निकेल ज्यावर गुळगुळीत बसतं ते तांबं. म्हणून प्लेटिंगवाल्याला भावाआधी हे विचारा, ‘तांबं चढवून बफिंग (घासून चकाकी) करणार का, की सरळ निकेल?’ तांबं टाळलं की पहिल्या पावसाळ्यापर्यंत बंपर आरशासारखा दिसतो, त्यानंतर तांबूस ठिपके उठायला लागतात. तुम्ही कोकणात राहता, तिथे ते आणखी लवकर उठतील. अजून एक गोष्ट, बंपरच्या आतल्या बाजूला प्लेटिंग नीट पोचतच नाही. तिकडे इपॉक्सी प्रायमर आणि वर चंदेरी रंग मारून घ्या. बंपर सडायला सुरुवात होते ती पाठीकडून.

हँडलवरचे फोड हे जस्ताचं दुखणं. क्रोमला सूक्ष्म भेग पडली की ओल आत शिरते, जस्त फुगतं आणि वरचा पापुद्रा उचलतं. फोड थोडे असतील तर हात लावू नका. साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, मेण लावा. जास्त असतील तर प्रत्येक खड्डा बारीक बरने (फिरत्या कोरणीने) कोरून आतलं पांढरं पीठ काढावं लागतं. मग तांब्याचा थर, खड्ड्यात डाग देऊन भरणं, घासणं, पुन्हा तांबं, मग निकेल आणि क्रोम. हे सोनारकाम आहे, वेळ खातं, पैसेही खातं. इकडे आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात असं काम जाणणारे हात आहेत, मुंबई-पुण्यातही सापडतील. बफिंग करणाऱ्याला एवढंच बजावा की कडा आणि अक्षरं घासून सपाट करू नकोस. बोनेटवरच्या चिन्हाची अक्षरं एकदा बोथट झाली की परत आणता येत नाहीत.

स्टेअरिंगबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ते तुम्ही घरी करू शकता. चाकाच्या आत लोखंडी सळईचा सांगाडा असतो, त्यावर कडक प्लास्टिकचं आवरण. इतक्या वर्षांत प्लास्टिक आकसतं, सळई आकसत नाही, म्हणून तडे बहुतेक वेळा आरा आणि कडं जिथे जुळतात तिथे जातात. पुढची चाकं सरळ ठेवा, बॅटरीची वायर काढा, मधलं बटण काढल्यावर नट दिसेल. चाक काढण्याआधी दांड्यावर आणि चाकाच्या तुंब्यावर समोरासमोर खूण करा. चाक पुलरने ओढून काढा, मागून हातोडी मारू नका. मग आधी सांगाडा तपासा. आरा हलत असेल किंवा सळई गंजून बारीक झाली असेल, तर ते चाक भिंतीवर टांगायचं, गाडीत लावायचं नाही. ह्यात मी तडजोड करत नाही.

सांगाडा ठणठणीत असेल तर चाक साबणाने धुवा. हातांचं तेल इतकी वर्षं त्यात मुरलेलं असतं, ते निघाल्याशिवाय काही चिकटणार नाही. थिनर मात्र लावू नका, प्लास्टिक विरघळू शकतं. प्रत्येक तडा त्रिकोणी कानशीने इंग्रजी व्हीच्या आकारात उघडा, सळई दिसेपर्यंत. वाचायला उलटं वाटेल, पण बारीक तड्यात भरलेलं मटेरियल वरच्या वर राहतं आणि महिन्याभरात तीच रेघ परत दिसते. सळईवरचा गंज खरवडून गंजरोधक लावा, वाळू द्या. मग दोन भाग एकत्र मळायची इपॉक्सी घट्ट दाबून भरा, थोडी वर येऊ द्या. एक अख्खा दिवस हात लावू नका. मग कानस, मग २२० नंबरचा वॉटर पेपर, मग ४००. गाडीच्या पत्र्याला लावतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, इथे वापरू नका. ती ठिसूळ असते आणि ह्या चाकाला रोज पीळ पडतो.

आणि बाबांच्या अंगठ्याची जागा. डिलाइटचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर, डाव्या हाताला. म्हणजे शहरात, घाटात डावा हात सारखा गिअरवर, आणि चाक सांभाळायचं उजव्या हाताने. म्हणून उजवीकडेच झिजलं. ती झीज भरू नका. तिथे तडा नसेल तर पेपरही लावू नका. रंग फक्त भरलेल्या चार जागांवर, बाजूच्या हस्तिदंतीशी जुळवून मारा. जुळवताना चाकाच्या मागच्या बाजूचा रंग बघा, समोरचा उन्हाने पिवळा झालेला असतो, म्हणून दोन्हींच्या मधली छटा धरावी लागते. शेजारच्या भागात रंग विरत न्या, पाच-सहा दिवस पिकू द्या, मग चाक चढवा.

ह्या सगळ्याच्या आधी मात्र दारांच्या खालची भोकं तपासा. पुराचा गाळ दारांच्या आणि उंबऱ्याच्या पोकळीत अजून बसलेला असणार. तो ओल धरून ठेवतो आणि आतून पत्रा खातो. तारेने भोकं मोकळी करा, साध्या पाण्याने धुवा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. आठवडाभर उन्हात वाळवा आणि पोकळीत मेणाचा फवारा मारून घ्या. वर कितीही रंगवलं आणि आत गाळ राहिला, तर दोन वर्षांत फोड दिसतील.

प्रश्न : माझ्या १९६५ च्या ‘डुक्कर फियाट’चं बोनेट स्थानिक पेंटरकडून रंगवून घेतलं. दुसरा हात मारताच सगळा रंग सुरकुतला, वाळलेल्या सायीसारखा. पेंटर म्हणतो रंग खराब होता. खरं काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी नावाचं. १९६५ ची असेल तर ती डिलाइट, जी १९६४ मध्ये आली. डुक्कर फियाट म्हणजे तिच्या आधीची, गोल पाठीची, पुढची दारं उलटी उघडणारी. तुमची गाडीही तितकीच मानाची आहे, पण भाग मागवताना चुकीचं नाव सांगितलंत तर चुकीचा भाग हाती येईल.

सुरकुत्यांचं कारण बहुधा खालचा रंग. ज्याला आपण ड्युको म्हणतो, तो नायट्रोसेल्युलोजचा रंग. ड्युको हे मुळात अमेरिकेतल्या ड्युपॉन्टच्या रंगाचं नाव, १९२० च्या दशकातलं, आणि आपल्याकडे ते सगळ्याच स्प्रेच्या रंगांना चिकटलं. त्याचं थिनर फार तिखट असतं. खाली कुणीतरी मधल्या काळात साधा सिंथेटिक इनॅमल मारलेला असला, तर हे थिनर त्याला फुगवतं आणि तुम्हाला दिसली ती साय येते. पुढच्या वेळी दहा पैशांची चाचणी करा. दाराच्या आतल्या कडेला, दिसणार नाही अशा जागी, एनसी थिनरमध्ये, म्हणजे ह्याच नायट्रोसेल्युलोजच्या थिनरमध्ये, भिजवलेलं फडकं घासा. रंग फडक्यावर विरघळून आला तर ड्युको. सुरकुतला तर इनॅमल. काहीच झालं नाही तर टू-के, म्हणजे घट्ट करणारं हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा रंग. इनॅमल निघाला तर तो पूर्ण उतरवा किंवा वर इपॉक्सी प्रायमरची भिंत घाला, मगच पुढचं.

तुमचं बोनेट आता पत्र्यापर्यंत उतरवावं लागेल. पेपर ओला करूनच घासायला सांगा. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं, त्याची कोरडी धूळ घरात, पोरांच्या अंगावर नको. आणि टू-के मारायचा असेल तर तोंडाला रुमाल बांधून चालत नाही. हार्डनरमधला आयसोसायनेट फुप्फुसाला कायमचा दमा लावू शकतो. त्यासाठी बाहेरून हवा येणारा मास्क हवा, म्हणून ते काम रंगाची बंद खोली, म्हणजे बूथ, असलेल्याकडेच द्या. ड्युकोच हवा असेल, आणि जुन्या गाडीला त्याची मऊ झळाळी मला तरी जास्त शोभते, तर पावसाळा टाळा. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल रंगावर बसते आणि रंग दुधाळ होतो. नाशिकला डिसेंबर ते फेब्रुवारी, कोरड्या दिवशी, सकाळचं दव उडाल्यावर मारा.

मूळ शेड शोधायला बाहेरचा रंग बघू नका. डॅशबोर्डवरच्या पेटीच्या मागे, दाराच्या आतल्या अस्तराखाली, काचेच्या रबराच्या आड, जिथे ऊन आणि पॉलिश दोन्ही पोचलं नाही, तिथे कारखान्यातला रंग असतो. तो तुकडा पेंटच्या दुकानात दाखवा.

प्रश्न : गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी आहे. रंग आणि क्रोम नवीन केल्याने व्हिंटेज नोंदणी अडते का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत ही तरतूद आणली. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी, जिच्या चॅसिसमध्ये, बॉडीच्या सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही, ती व्हिंटेज. मूळ शेडचा रंग आणि मूळ बंपरवर नवं प्लेटिंग म्हणजे फेरफार नव्हे. डिझेल इंजिन बसवलं, छत कापलं, तर तो फेरफार. आधी नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदणी झाली तर ‘व्हीए’ अक्षरांची मालिका मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचं ५,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अशी गाडी मग रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. तुम्ही तिने रोज बाजारात जात असाल, तर अर्ज करण्याआधी घरच्यांशी बोला.

कामाचे फोटो मात्र जपून ठेवा. प्रत्येक भाग आधी कसा होता, उतरवल्यावर कसा दिसला, नंतर कसा झाला. तपासणी करणाऱ्याने विचारलं तर बॉडी आणि इंजिन मूळचंच आहे हे दाखवायला ते उपयोगी पडतील.

प्रश्न : स्पीडोमीटरच्या तबकडीवरचे आकडे पुसट झालेत. घरी ब्रशने रंगवू का?
— एक वाचक, दादर

उत्तर : नको. ते आकडे छापलेले असतात आणि हाताने त्यांची रेघ कधीच तितकी बारीक येत नाही. काच काढा, कापसाचा बोळा पाण्यात जेमतेम ओला करा आणि आकड्यांना न लागता फक्त मधली धूळ उचला. अमोनियाचं काच पुसायचं द्रावण तर जवळही आणू नका, आकडेच निघून येतात. काचेची आतली बाजू स्वच्छ केलीत की अर्धा पुसटपणा जातो, कारण तो मुळात काचेवरच साचलेला असतो.