आठव्या महिन्यातले बाळ आणि काचेची पेटी

प्रश्न : माझ्या मुलीची प्रसूती एकतिसाव्या आठवड्यात झाली. नात १३५० ग्रॅमची असून आज पाच दिवस सरकारी रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आहे. पहिले दोन दिवस नाकाला यंत्र होते, आता नळीने दूध देतात. सातव्यातले जगते पण आठव्यातले जगत नाही, असे आमच्याकडे म्हणतात, त्यामुळे घरात सगळेच धास्तावले आहेत. त्यातच बाळाला पेटीतून काढून उघड्या छातीशी धरायला सिस्टर सांगतात. हे बरोबर आहे का? मुलीला दूध जेमतेम चमचाभर येते, मग पावडरचे का देत नाहीत?
– एक आजी, बार्शी

उत्तर : आजी, ती म्हण आधी मनातून काढून टाका, ज्याने ती पहिल्यांदा म्हटली, त्याने आठवडे मोजले नसावेत. पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. फुप्फुसातील हवेचे बारीक फुगे श्वास सोडताना मिटू नयेत म्हणून त्यांना आतून सर्फॅक्टंट नावाच्या द्रवाचा लेप असतो आणि तो पुरेसा तयार व्हायला साधारण चौतिसावा आठवडा उजाडतो. नाकाचे यंत्र, म्हणजे सीपॅप, हवेच्या हलक्या दाबाने हे फुगे उघडे ठेवत होते. दोन दिवसांत ते निघाले, हे चांगलेच लक्षण आहे. नळीचेही भय नको, कारण चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळही त्याच सुमारास बसतो.

आता छातीशी धरण्याविषयी. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८च्या सुमारास पेट्या कमी आणि बाळे जास्त अशी स्थिती होती, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी आयांनाच ऊब द्यायला लावले. ती अडचणीतली सोय आज उपचार ठरली आहे. असे धरणे शक्य तितक्या लवकर सुरू करून दिवसाचे ८ ते २४ तास करावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले. बाळाला फक्त टोपडे, लंगोट आणि मोजे घालून आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे ठेवतात, मान एका कुशीला वळवतात, ती पुढे दुमडू देत नाहीत आणि वरून कापड बांधतात. आईच्या अंगाची ऊब बाळाला पुरते, शिवाय श्वास आणि ठोके स्थिर राहतात. म्हणून मुलीला सव्वा महिन्याच्या बाळंतपणासाठी घरी खाटेवर निजवून बाळाला एकटे कक्षात ठेवण्याची चूक करू नका. ती दमली की जावयांनी किंवा तुम्ही धरावे. मात्र आधी हात कोपरापर्यंत धुवा आणि अंगठ्या-बांगड्या काढून ठेवा.

दुधाचे म्हणाल, तर चमचाभर म्हणजे ५ मिलिलिटर, आणि इतक्या लहान बाळाला सुरुवातीला एका वेळी लागते तेही काही मिलिलिटरच. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईच्या दुधात प्रथिने जास्त असतात आणि आतड्यांच्या एका गंभीर आजारापासून ते बाळाला वाचवते. पावडरच्या दुधावर त्या आजाराचा धोका वाढतो. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हाताने निर्जंतुक वाटीत दूध काढत राहिले, तरच ते वाढते. बाळ छातीशी असताना किंवा नंतर लगेच काढले तर अधिक येते. तरीही कमी पडले तर दूधपेढीची चौकशी करा. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली दूधपेढी सुरू केली. अशा पेढ्यांत दात्या मातांचे दूध ६२.५ अंश सेल्सियसला ३० मिनिटे तापवून मग देतात.

प्रश्न : आमचा मुलगा बत्तिसाव्या आठवड्यात झाला, तेव्हा १४५० ग्रॅमचा होता. आता २६ दिवसांचा आहे आणि तीन दिवसांपूर्वी घरी आला. डोळे तपासायला पुन्हा शहरात बोलावले आहे. तो उजेडाकडे नीट बघतो, मग इतक्या लहान जिवाला प्रवास कशाला?
– एक वडील, चिपळूण तालुका

उत्तर : कारण ही तपासणी ज्या आजारासाठी आहे, तो घरी दिसत नाही. दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, रक्तवाहिन्या पूर्ण दिवस भरेपर्यंत वाढत असतात; बाळ आधी जन्मले, त्याला प्राणवायू द्यावा लागला, की त्या वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढू शकतात आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. बाहेरून डोळा मात्र टपोरा आणि निर्मळच दिसतो. आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची ही तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत करतात, म्हणजे तुमच्या हातात चार दिवस आहेत. एका भेटीत काम संपेलच असे नाही. वाहिन्या पूर्ण वाढेपर्यंत पुन्हा बोलावतील आणि लेझर लागले तर ते दोन-तीन दिवसांतच करावे लागते. गाडीत त्याला आईच्या छातीशी बांधून न्या आणि दूध तपासणीच्या तासभर आधी पाजा, म्हणजे ओकणार नाही.