वीस महिन्यांच्या मुलीसाठी सीटवाली थ्री-इन-वन स्कूटर घ्यावी की थेट उभं राहून चालवायची साधी तीनचाकी स्कूटर?

तुम्ही लिहिलंय की मुलगी वीस महिन्यांची आहे, घर ठाण्यात घोडबंदर रोडला आहे, संध्याकाळी तिला आजोबा खाली नेतात आणि बजेट पाच हजारांचं आहे. एवढी माहिती दिलीत ते बरं केलंत, नाहीतर या प्रश्नाला "चांगली कंपनी बघून घ्या" यापलीकडे उत्तर देता येत नाही.

माझं मत असं: सीटवाली, म्हणजे आधी बसून किंवा मागून दांड्याने ढकलून आणि नंतर सीट काढून उभ्याने पायाने ढकलत चालवायची थ्री-इन-वन जरूर घ्या, पण निवडताना सीटकडे सगळ्यात शेवटी बघा. सीट काढल्यावर जी स्कूटर उरते ती चांगली आहे का, हे आधी पाहायचं. सीटचा उपयोग तुम्हाला फार तर वर्षभर होईल. दोन-अडीच वर्षांचं मूल क्षणभर एका पायावर तोल सावरायला लागतं, तिथून खरी स्कूटर सुरू होते आणि मग सीटवर बसा म्हटलं तरी ते बसत नाही. पुढची तीन-चार वर्षं ती स्कूटर उभं राहूनच चालवली जाणार. जाहिरातीत मात्र फोटो सगळे सीटवर बसलेल्या बाळाचे, कारण घेणारे आईबाबा तेव्हा त्याच वयाचं मूल कडेवर घेऊन असतात.

पटत नसेल तर तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुन्या वस्तूंच्या पोस्ट बघा. आमच्या नेरुळच्या ग्रुपवर अशा स्कूटर विकायला येतात तेव्हा सीट नवीकोरी आणि चाकं झिजलेली, असाच फोटो असतो बहुतेक वेळा. अशी जुनी मिळाली तर सोडू नका, फक्त पायफळीला, म्हणजे उभं राहायच्या फळीला, कुठे तडा नाही ना आणि हँडल खळखळ हलत नाही ना एवढं तपासा.

आता उभी स्कूटर कशी असावी ते सांगते. पुढे दोन चाकं, मागे एक. या प्रकारात दोन जाती आहेत. एकीत सायकलसारखं हँडल वळतं, दुसरीत हँडल वळतच नाही, मूल ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला स्कूटर वळते. लहान मुलांसाठी ही झुकणारीच घ्या. वळणाऱ्या हँडलला मूल घाबरून एकदम मुरड देतं, चाक आडवं होतं आणि मूल हँडलवरून पुढे जातं. झुकणाऱ्या स्कूटरला तसा झटका देता येत नाही, अंग सरळ केलं की चाकंही आपोआप सरळ होतात. पहिले काही दिवस आजोबांना वाटेल की हँडल जाम झालंय, तेवढं समजावून सांगावं लागेल.

पण झुकणारी म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच स्कूटर झुकतात असं नाही. स्वस्तातल्या काहींची यंत्रणा इतकी ताठ असते की मोठ्या माणसाने जोर लावला तरच वळावी. तुमच्या मुलीचं वजन दहा-अकरा किलो असणार. दुकानात पायफळीच्या एका कडेला तळहाताने हलकं दाबून बघा. तेवढ्यात पुढची चाकं तिरकी झाली पाहिजेत. शरीराचा भार टाकावा लागला तर ती स्कूटर तुमच्या मुलीसाठी सरळ रेषेतच जाणार. काही मॉडेलमध्ये स्टीअरिंग लॉक करायचं बटण असतं. ते सुरुवातीला कामाचं आहे, विशेषतः मागून ढकलताना.

पायफळी जमिनीपासून जितकी खाली तितकी बरी. ती उंच असेल तर एक पाय वर ठेवून दुसऱ्याने जमीन ढकलताना प्रत्येक वेळी गुडघा वाकवावा लागतो, मूल लवकर दमतं आणि "आई, उचल" सुरू होतं. हँडलची उंची कमी-जास्त होणारी हवी. मूल उभं असताना मुठी बेंबी आणि छातीच्या मध्ये कुठेतरी आल्या पाहिजेत. मुठीचं टोक जाड आणि गोल आहे ना बघा. रबर निघून उघडी नळी राहिली की पडताना तीच पोटात घुसते, आणि त्या पडण्याला वरचा ओरखडा छोटा दिसला तरी हलक्यात घ्यायचं नसतं.

तुमच्या बाबतीत खरा निर्णय मात्र जमीन घेईल. घोडबंदर रोडला माझं माहेर आहे, त्यामुळे तिथल्या कॉम्प्लेक्सची रचना माहीत आहे. पोडियमवर किंवा पार्किंगमध्ये गुळगुळीत काँक्रीट आणि बाकी सगळीकडे पेव्हर ब्लॉक. नवी मुंबईतही हेच. काँक्रीटवर कुठलीही स्कूटर लोण्यासारखी पळते. पेव्हर ब्लॉकवर मात्र दर वीतभराला एक फट येते, छोटं टणक चाक त्या प्रत्येक फटीत आपटतं आणि मुलाचे दात अक्षरशः वाजतात. चार फेऱ्यांनंतर मूल स्कूटर टाकून देतं आणि घरचे म्हणतात, हिला आवडच नाही. म्हणून चाकं पॉलियुरेथेनची, म्हणजे पीयूची बघा. नखाने दाबलं तर किंचित दबल्यासारखं वाटतं, जमिनीवर आवाज कमी करतात, पकडही धरतात. कडक प्लॅस्टिकचं चाक नखाला दगडासारखं लागतं. पुढच्या चाकाचा व्यास १२० मिलिमीटरच्या आसपास असला तर फटींचा त्रास बराच कमी होतो.

आणि तुमच्याकडे खाली फक्त पेव्हर ब्लॉकच असतील, तेही जागोजागी खचलेले, तर मी म्हणेन स्कूटरचा नाद सोडा आणि बॅलन्स बाइक घ्या. पेडल नसलेली छोटी सायकल. दहा-बारा इंची चाकं त्या फटी सहज ओलांडतात, पाय जमिनीवर ठेवून मूल बसून पुढे सरकतं, आणि पुढे सायकल शिकवताना मागे धावावं लागत नाही. डेकॅथलॉनची रनराइड त्याच प्रकारातली. ती साधारण दोन वर्षांपासून जमते, म्हणजे तुम्हाला थोडंसंच थांबावं लागेल.

पार्किंगबद्दल एक वाक्य, मग पुढे जाते. ऐंशी-पंच्याऐंशी सेंटिमीटर उंचीचं मूल रिव्हर्स घेणाऱ्या गाडीच्या मागच्या काचेतून दिसत नाही, तेव्हा काँक्रीट कितीही गुळगुळीत असलं तरी संध्याकाळी लोक ऑफिसातून परतायच्या वेळी बेसमेंट आणि रॅम्प नको म्हणजे नकोच.

आता आजोबा. थ्री-इन-वनमधला तिसरा प्रकार म्हणजे मागचा ढकलायचा दांडा. तो बऱ्याच मॉडेलमध्ये आखूड असतो, उंच माणसाला कमरेत वाकून चालावं लागतं. आजोबांची पाठ दुखायला लागली की खाली जाणंच बंद होईल, तेव्हा दांडा त्यांच्या कोपराच्या उंचीला येतो का ते त्यांनाच धरायला देऊन बघा. दुसरं महत्त्वाचं म्हणजे पाय ठेवायची जागा. मोठं माणूस मागून ढकलतं तेव्हा वेग मुलाच्या हातात नसतो. पाय टेकवायला काही नसेल तर मूल ते जमिनीवरच ठेवतं, बूट घासतो, पाय मागे ओढला जाऊन चाकाखाली येतो. दांडा आहे पण फूटरेस्ट नाही, अशी रचना असेल तर तो दांडा घरीच ठेवा. खरं सांगायचं तर वीस महिन्यांच्या मुलीला ढकलायची गरज कमीच पडते. सीटवर बसून दोन्ही पायांनी ढकलत ती आजोबांच्या पुढे पळेल, त्यांनी मागून नुसतं चालायचं.

सीटसाठी घरीच माप घ्या. मुलीला भिंतीला पाठ लावून उभं करा, एक पातळ पुस्तक तिच्या दोन पायांमध्ये वरपर्यंत सरकवा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. सीट त्याहून दोन-तीन सेंटिमीटर खाली हवी, म्हणजे दोन्ही तळवे पूर्ण टेकतील आणि गुडघे थोडे वाकलेले राहतील. "एक वर्षापासून पुढे" असं खोक्यावर छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. मुलांची उंची खोकं वाचत नाही.

सीटपासून स्कूटर बनवायला पाने-स्क्रू लागत असतील तर तुम्ही ती एकदाच बदलाल. पण सुरुवातीच्या काही महिन्यांत मूल आज उभं राहतं आणि उद्या परत सीट मागतं, म्हणून हाताने, बटण दाबून निघणारी सीट बरी. यातली सगळ्यात सुटसुटीत रचना मी स्कूट अँड राइडच्या हायवेकिक वनमध्ये पाहिली, सीट उलटी फिरवली की स्कूटर. बसून २० किलो आणि उभं राहून ५० किलो अशी तिची वजनमर्यादा आहे. स्विस मायक्रो आणि ग्लोबर यांच्याही सीटवाल्या येतात, ग्लोबरच्या गो-अपमध्ये ते स्टीअरिंग लॉकचं बटणही आहे. पण या बाहेरच्या स्कूटर तुमच्या बजेटमध्ये नव्या मिळणं कठीण, त्या ग्रुपवर जुन्या शोधाव्या. पाच हजारांत भारतीय कंपन्यांच्या बऱ्या सीटवाल्या मिळतात. त्यांत वजनमर्यादा नीट वाचा. पाच वर्षांचं मूल साधारण १८ किलोचं असतं, त्यामुळे उभं राहून फक्त २० किलो झेलणारी स्कूटर पहिलीत जायच्या आधीच निवृत्त होईल.

आयएसआय चिन्ह बघायला विसरू नका. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. चिन्हाजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की कुठल्या कंपनीचा ते कळतं. ऑनलाइन मागवताना विक्रेत्याने खोक्याचा फोटो दिला नसेल तर मी पुढे जाते.

लाइटच्या चाकांना सेल लागत नाहीत, आत चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं, चाक फिरलं की दिवा लागतो. मुलांना वेड लागतं त्याचं. फक्त सुरुवातीला मुलं समोर न बघता चाकाकडे बघत चालवतात आणि खांबाला धडकतात, हे गृहीत धरा.

हेल्मेट पहिल्या दिवसापासून घाला, म्हणजे ते स्कूटरचाच भाग वाटतं. नंतर सांगितलंत तर भांडण ठरलेलं. डोक्याचा घेर कपाळावरून टेपने मोजा आणि सायकलचं हेल्मेट घ्या, बाबांच्या बाइकवर बसवण्यासाठी आणलेलं जड हेल्मेट नको, ती मान ते पेलत नाही. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं. आणि स्कूटरवरून उतरून घसरगुंडीकडे धावली की हेल्मेट काढून घ्यायचं, हे आजोबांना आवर्जून सांगा. खेळाच्या साधनात हेल्मेट अडकून पट्ट्याने गळा आवळला जाऊ शकतो. पायात बंद बूट. क्रॉक्स नकोत, चप्पल तर नकोच, कारण मागचा पायाचा ब्रेक या वयात कोणी वापरत नाही, सगळी पाय घासूनच थांबतात.

पावसाळा तोंडावर असेल तर थोडं थांबा. ओल्या पेव्हरवर शेवाळ धरतं, पीयूचं चाकही तिथे घसरतं, आणि पाणी गेलेली बेअरिंग आठवड्याभरात करकर वाजायला लागतात. पुढे गणपतीत सोसायटीची मोकळी जागा मंडपाखाली जाते. दसऱ्याला घ्या, चाकांना झेंडूही वाहता येईल आणि पुढचे आठ महिने कोरडी जमीन मिळेल. भिजलीच तर लगेच फडक्याने पुसा आणि बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडा.

सोसायटीबाहेर नेणार असाल तर गर्दी बघून न्या. मासुंदा तलावाचा काठ संध्याकाळी स्कूटरसाठी नाही, तिथे माणसालाच चालायला जागा नसते. उपवनला सकाळी लवकर जा. कोलशेतचं सेंट्रल पार्क तुम्हाला जवळ आहे, पण चाकाची खेळणी आत नेऊ देतात का ते गेटवर आधी विचारा, कुठल्याही बागेत हे विचारलेलं बरं, मुलीला घेऊन परत फिरणं फार महागात पडतं. आम्ही नेरुळहून माहेरी येताना ट्रान्स-हार्बर लोकलने स्कूटर आणतो. हँडलचा दांडा बटण दाबून वेगळा होतो म्हणून ते जमतं. म्हणूनच वजनही बघा, साधी तीनचाकी दोन-अडीच किलोची असते, सीट आणि दांड्यासकट काही चार किलोच्या पुढे जातात, आणि परतीच्या वाटेवर स्कूटर एका हातात, मुलगी दुसऱ्या हातात हे आजोबांनाच करायचं आहे.

तेव्हा दुकानात मुलीबरोबर आजोबांनाही न्या. सीट काढणं, हँडल वेगळं करणं, परत जोडणं हे तुम्ही नाही, त्यांनी करून बघू द्या. फक्त तिच्या झोपेच्या वेळी जाऊ नका, नाहीतर जी पहिली हातात येईल तीच घेऊन बाहेर पडाल.