डीपीएफ चोक झाला, वॉरंटी नाकारली. आता काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गाडी बीएस-६ डिझेल आहे, २ वर्षं ८ महिन्यांची, ५२,००० किलोमीटर चाललेली. चेक इंजिनचा दिवा लागला, सर्व्हिस सेंटरने डीपीएफ (डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर) चोक झालाय असं सांगितलं, आणि 'शहरातलं छोटं-छोटं चालवणं, वरून खराब डिझेल' हे कारण देऊन वॉरंटी नाकारली. नव्या फिल्टरचं एस्टिमेट लाखाच्या घरात आहे.

त्या एस्टिमेटवर इतक्यात सही करू नका. मी इंदूरातच एका डीलरकडे बरीच वर्षं वॉरंटीच्या टेबलावर काम केलंय, आणि अशा केसमध्ये पहिलं उत्तर हे शेवटचं उत्तर नसतं, एवढं खात्रीने सांगतो.

आधी फिल्टर का भरला ते पाहू. डीपीएफ एक्झॉस्टमधली काजळी अडवतो आणि अधूनमधून आतलं तापमान साधारण ६०० अंशांपर्यंत नेऊन ती जाळून टाकतो. याला रिजनरेशन म्हणतात. आता ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा) अडकला, एखादा इंजेक्टर गळायला लागला किंवा टर्बोचं सील तेल सोडू लागलं, तर काजळी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त तयार होते. डिफरन्शियल प्रेशर सेन्सर (फिल्टरच्या पुढच्या-मागच्या दाबातला फरक मोजणारा) किंवा एक्झॉस्टच्या तापमानाचा सेन्सर बिघडला, तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, रिजनरेशन सुरूच करत नाही. दोन्हीकडे भरतो फिल्टरच, पण बिघाड दुसरीकडे असतो आणि तो बिघडलेला पार्ट तुमच्या साध्या, चालू वॉरंटीत बसतो. नुसता फिल्टर बदलला तर मूळ दुखणं तसंच राहतं आणि नवा फिल्टरही तसाच भरतो.

म्हणून सर्व्हिस सेंटरला परत जा आणि 'डीपीएफ चोक' या दोन शब्दांवर समाधान मानू नका. जॉब कार्डावर फॉल्ट कोड, म्हणजे ईसीयूने नोंदलेला बिघाडाचा नंबर, लिहून मागा. पी२४६३ असेल तर काजळी साठल्याचा कोड आहे, पी०४०१ असेल तर ईजीआरचा प्रवाह कमी पडतोय. कोडसोबत फ्रीझ फ्रेम डेटाही मागा. दिवा लागला त्या क्षणी वेग, आरपीएम, तापमान काय होतं ते त्यात नोंदलेलं असतं. कंपनीच्या स्कॅनरवर बहुतेक गाड्यांत शेवटचं पूर्ण झालेलं रिजनरेशन किती किलोमीटरमागे झालं, किती अर्धवट सुटली, हेही दिसतं. त्या पडद्याचा फोटो घ्या. आणि हे सगळं हातात येईपर्यंत कोड डिलीट करू देऊ नका. 'एकदा इरेज करून बघतो साहेब' असं ॲडव्हायझर अगदी सहज म्हणतो, पण त्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते आणि तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा पुसला जातो.

जाता जाता डिपस्टिक (इंजिन ऑइल मोजायची पट्टी) काढूनही बघा. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल, तर अर्धवट रिजनरेशनमधलं डिझेल ऑइलमध्ये उतरतंय, म्हणजे प्रयत्न होतायत पण पुरे होत नाहीत. तसं असेल तर ऑइल बदलेपर्यंत गाडी चालवूच नका, बेअरिंगला धोका असतो.

आता त्यांच्या कारणाबद्दल. छोट्या अंतराचं कारण अगदी खोटं नाही. राजेंद्रनगर ते पलासिया रोज गर्दीतून गेलात तर एक्झॉस्ट पुरेसा तापतच नाही. डीपीएफचा दिवा लागला की राऊवरून बायपासला लागून देवासच्या दिशेने वीसेक मिनिटं एका लयीत, खालच्या गिअरमध्ये, आरपीएम २,००० च्या वर ठेवून गाडी नेली तर बहुतेकदा काम होतं. पण हा दिवा लागला होता का आणि तुम्ही तो टाळला का, हे तपासणं त्यांचं काम आहे. तो न लागता थेट चेक इंजिनचा लागला असेल, तर दोष चालवण्यावर ढकलता येणार नाही. खराब डिझेलचंही तसंच: टाकीतला नमुना काढला का, तपासला का? नसेल तर 'खराब डिझेल' हे फक्त अनुमान आहे. नकाराचं कारण ईमेलवर लेखी मागा. तोंडी ठामपणे दिलेली कारणं कागदावर उतरवायची वेळ आली की बरीच मवाळ होतात, हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय.

वॉरंटीच्या पुस्तिकेत एमिशन वॉरंटीचं, म्हणजे गाडीच्या प्रदूषणाबद्दलच्या हमीचं, वेगळं पान असतं. बऱ्याच गाड्यांत ती ३ वर्षं किंवा ८०,००० किलोमीटर, जे आधी होईल तोवर असते, म्हणजे तुम्ही आत बसता. पण ती साधारणपणे गाडी पीयूसीत नापास होण्याशी जोडलेली असते, आणि इथेच अडचण आहे: डिझेलच्या पीयूसीत धूर मोजतात, आणि चोक झालेला फिल्टर धूर जास्तच अडवतो. गाडी आरामात पास होते. त्यामुळे तुमच्या केसमध्ये त्या पानावर भिस्त ठेवू नका, साध्या वॉरंटीखाली 'पार्टमधला दोष' म्हणून क्लेम मागा. पीयूसीत खंड पडू देऊ नका आणि सगळ्या सर्व्हिसची बिलं जपून ठेवा, दोन्ही मागतात. व्हिडिओंमध्ये सांगतात ते '८ वर्षं किंवा ८०,००० मैल' अमेरिकेतल्या कायद्यातलं आहे आणि तिथेही कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिन कॉम्प्युटर अशा मोजक्या पार्टपुरतं. इथे ते दाखवलंत तर तुमचाच मुद्दा कमजोर होतो.

कोणी गॅरेजवाला 'फिल्टर काढून सॉफ्टवेअर मारून देतो' म्हणाला तर त्याला तिथेच नाही म्हणा. वॉरंटी जाईल, ते बेकायदेशीर आहे, आणि ती काजळी आपल्याच पोरांच्या छातीत जाणार आहे. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या गावात तरी हे होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

डीलर ऐकत नसेल तर कंपनीच्या कस्टमर केअरला लेखी तक्रार करा, कोड आणि फोटो जोडून. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथूनही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथे, म्हणजे इंदूरातच दावा लावता येतो, आणि १० ते २० लाखांच्या गाडीला फी फक्त ४०० रुपये आहे. डीलर आणि कंपनी, दोघांनाही पक्षकार करा.

घाई एकाच गोष्टीची आहे. ३ वर्षांची वॉरंटी असेल तर तुमच्याकडे चार महिने उरलेत. तक्रार वॉरंटी संपायच्या आत नोंदली गेल्याचा कागद हवा, म्हणून याच आठवड्यात तारीख आणि किलोमीटर घातलेलं जॉब कार्ड उघडून घ्या. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची असेल तर त्यात डीपीएफ आणि सेन्सर आहेत का ते आधी वाचून घ्या. फॉल्ट कोड मिळाले की इथे टाका, कुठला पार्ट मागायचा ते सांगतो.