प्रयोग नऊ दिवसांवर आलाय, आणि घरी विचारतायत पुढे काय

पत्र: "ताई, मी सांगलीत टीवाय बीकॉमला आहे. हौशी राज्य नाट्य स्पर्धेसाठी पहिल्यांदाच दोन अंकी नाटक बसवतेय, प्रयोगाला नऊ दिवस राहिलेत. हिरोला नोकरी लागली म्हणून तो तालमीला उशिरा येतो, दुसऱ्या अंकाचा शेवट बसत नाहीये, रोज रात्री रडू येतं. पप्पा म्हणतात हा नाद सोड, बँकेच्या परीक्षांना बस. मला दिग्दर्शनच करायचंय. एनएसडीचा, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा, फॉर्म भरू का?"

अगं, आधी नऊ दिवसांचं बोलू, फॉर्मचं नंतर. या नऊ दिवसांत तू जे काम करशील ना त्यावरूनच तुला आणि मला कळणार आहे की हे तुझं करिअर आहे का, बक्षिसावरून नाही कळत ते.

हिरो नऊला येतो ना, मग सात ते नऊ बाकीच्यांचे सीन घे आणि नऊनंतर त्याचे, त्याच्यावर चिडून सगळ्यांची संध्याकाळ घालवू नकोस, त्या पोराचीही पहिली नोकरी आहे. शेवटाचं ब्लॉकिंग, म्हणजे कोण कुठे उभं राहणार, कधी कुठे हलणार, ते उद्याच्या उद्या फायनल कर आणि मग हात लावू नकोस, नट रोज नवीन मूव्हमेंट आठवत बसला की त्याचं समोरच्याचं वाक्य ऐकणं बंद होतं आणि शेवट न बसण्याचं कारण बऱ्याचदा तेच असतं. आणि लाइट आणि म्युझिकवाल्या पोरांना आजपासून तालमीला बसव, शेवटच्या दिवशी हातात क्यूशीट (कुठल्या वाक्याला कुठला लाइट, कुठलं म्युझिक याची यादी) देऊन ते होत नाही. हॉलमध्ये खडूने स्टेजच्या मापाची चौकट आख, विंगा कुठे येतात ते दाखव, कारण स्पर्धेच्या दिवशी थिएटर हातात मिळतं तेव्हा सेट लावण्यातच सगळा वेळ जातो. शेवटचे तीन दिवस घड्याळ लावून सलग रनथ्रू, तू वही घेऊन सगळ्यात मागे बस, मध्ये थांबवायचं नाही, नोट्स नंतर.

माझी एक गोष्ट सांगते. कॉलेजात एकांकिका बसवली होती, ब्लॅकआउटमध्ये एका मुलाने खुर्ची उचलून विंगेत न्यायची होती. अंधारात तो लेव्हलच्या, म्हणजे स्टेजवरच्या लाकडी चौथऱ्याच्या, कोपऱ्यावर आपटला, नडगी फुटली, आणि लाइट आल्यावर त्याने पुढचा अख्खा सीन केला तेव्हा त्याचा पांढरा मोजा हळूहळू लाल होताना मी विंगेतून बघत होते. लेव्हलच्या कडेला लावायची रेडियमची टेप माझ्या सॅकमध्येच राहिली होती. सीनचा अर्थ काय, नट कुठल्या भावनेत आहे यावर मी महिनाभर बोलले होते, पण अंधारात पाय कुठे पडणार हे बघणंही माझंच काम होतं. ते अजून सलतं मला.

म्हणून रडू येतं याची काळजी करू नकोस. रडून दुसऱ्या दिवशी सातला तू हॉल उघडतेस का, बॅकस्टेजच्या पोराने जेवलंय का हे तुझ्या लक्षात असतं का, ते बघ, कारण दिग्दर्शकाचं रोजचं काम हेच असतं.

आता फॉर्म. एनएसडीला ग्रॅज्युएशन लागतं आणि नाटकांत काम केल्याचा अनुभवही मागतात, त्यामुळे आत्ता घाई नाहीच, आधी टीवाय नीट पूर्ण कर, आणि प्रत्येक नाटकाची सर्टिफिकेटं, फोटो, ब्रोशर एका फाइलमध्ये ठेवत जा. तिथला कोर्स तीन वर्षांचा, शिष्यवृत्ती मिळते, पण जागा मोजक्या आणि देशभरातली मुलं येतात. म्हणून पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची अॅकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स हेही डोक्यात ठेव, दोन्हीकडे नाटकात एमए करता येतं.

पैशाचं खरं सांगते, नुसत्या प्रायोगिक किंवा हौशी नाटकावर घर चालत नाही. सोबत मालिकांमध्ये असिस्टंट, शाळेत नाट्यशिक्षक, लाइट्सची कामं असं काहीतरी करावं लागतं, आणि सुरुवातीची काही वर्षं ओढाताणीचीच जातात. त्यामुळे पप्पा म्हणतात ते शत्रूसारखं ऐकू नकोस. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, पूर्णवेळ नाटकात आले ते 1969 मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. बँकेत राहून वर्षानुवर्षं राज्य नाट्यला उतरणारी माणसं तुझ्या सांगलीतही भेटतील, त्यांच्याशी जाऊन बोल, नोकरी सांभाळून तालमी कशा करतात ते विचार. परीक्षा दिली म्हणजे नाटक सोडलं असं होत नाही, फक्त आधी काय हे तुला ठरवावं लागेल आणि ते प्रयोगाच्या टेन्शनमध्ये ठरवू नकोस.

अजून एक कर. पप्पांना प्रयोगाला तर बोलावशीलच, पण त्याआधी एखाद्या रात्री तालमीला घेऊन ये, मागे खुर्ची टाकून दे आणि तू तुझं काम करत राहा. पंधरा जण तुझं ऐकतायत, चुकलं तर तू शांतपणे परत घेतेयस, हे त्यांनी कधी बघितलेलंच नाहीये गं, त्यांनी फक्त रात्री अकराला रडत घरी येणारी मुलगी बघितलीय.

प्रयोग झाला की दोन दिवस झोप काढ आणि मग मला लिही, पप्पा काय म्हणाले तेही लिही, आपण फॉर्मचं बघू.